कुंडीतले झाड काय सांगते?

आपल्या समाजात असे घर क्वचितच सापडेल की, ज्याच्या मिरपेसेतमध्ये कढीनिंबाची, मिरचीची अथवा मोगऱ्याची एखादी कुंडी नाही. ही झाडे केवळ शोभेची नव्हेत. त्यांच्यावाचून घरची फोडणी पुरी होत नाही. म्हणूनच पाने पिवळी पडू लागली की जीव खालीवर होतो आणि हाताला लागेल ते खत आपण कुंडीत घालतो.

ही चूक आम्हीही केली आहे. आमच्या दिवंगत मातोश्रींनी स्वहस्ते लावलेला कढीनिंब एका उन्हाळ्यात पिवळा पडला. झाड उपाशी असावे, असे समजून आम्ही मूठभर खत घातले. आठवड्याच्या आत पानांची टोके करपली व निम्मी पाने गळाली. वर्गात मूल उत्तर देत नसेल, तर त्यास आळशी ठरविण्यापूर्वी त्याला नीट ऐकू येते की नाही ते पाहावे, असे आम्ही आयुष्यभर सांगत आलो. झाडाच्या बाबतीत मात्र तो धडा आम्हीच विसरलो!

प्रथम पाहावे ते हे की, पिवळे पान जुने आहे की नवे. नत्र कमी पडले तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पालवीस देते. म्हणून खालची पाने सबंध पिवळी होतात. लोह असे हलविता येत नाही. त्याची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते: पान पिवळे, शिरा हिरव्या. जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा झाला, तर मॅग्नेशियम कमी. पानांच्या कडा करपल्या, तर पालाश कमी किंवा क्षार अधिक.

आमच्या कढीनिंबाचे शेंडे पिवळे व शिरा हिरव्या होत्या. कुंडीत लोह नव्हते असे नाही. परंतु चुनखडीच्या मातीत व पाण्यात ते मुळांना घेता येत नाही. कुंडीच्या कडेचा पांढरा थर त्याचीच साक्ष देत होता. आम्ही कुंडीच्या दुप्पट मापाचे पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढले. मग चुनखडीतही टिकणारे लोह, म्हणजे 'सेक्वेस्ट्रीन १३८' ही लालसर पूड, वेष्टनावरील प्रमाणात दिली. तीन आठवड्यांत हिरवी पालवी फुटली.

२००५ साली अश्कलोन येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला. पुढे तसे आणखीही झाले. या पाण्यात क्षार कमी असतात, पण मिठाबरोबर मॅग्नेशियमही निघून जाते. असे पाणी येत असेल व जुन्या पानांवर वरील खूण दिसली, तर लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा एप्सम मीठ विरघळवून द्यावे.

माती ओली असूनही झाड मान टाकत असेल, तर दोष खताचा नव्हे, पाण्याचा. दोन पेरे बोट खुपसून पाहावे. कुंडीचे भोक मोकळे आहे ना, तेही पाहावे. झाड हलकेच बाहेर काढल्यास निरोगी मुळे पांढुरकी, तर कुजलेली तपकिरी व बुळबुळीत दिसतात. हिवाळ्यात कढीनिंब पाने गाळतो, तो मात्र त्याचा स्वभाव आहे. त्या दिवसांत खत देऊ नये व पाणी बेताने घालावे.

मातोश्रींचा कढीनिंब आज आमच्या खांद्याला लागतो. त्याच्या मुळाशी फुटलेली दोन रोपे यंदा आम्ही लेकीसुनांना दिली. सोबत खत दिले नाही. आधी पान पाहावे, एवढेच सांगितले.