सतरा वर्षांनी आलेला अल्बम आणि 'जुनं वाजवा ना भाऊ'

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी थोड्याफार फरकाने एकच प्रश्न पाठवला. एखाद्या बँडचा नवा अल्बम येतो, समीक्षक कौतुक करतात आणि जुने चाहते नाक मुरडतात, किंवा बरोबर उलटं होतं, तर खरं कोणाचं धरायचं? अकोल्याच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोटमध्ये सरळच विचारलं, "भाऊ, हे लोक पैसे घेऊन लिहितात का?" आता इंडी संगीतात मुळात पैसाच इतका कमी की त्यातून समीक्षकापर्यंत काय पोचणार! पण प्रश्न चांगला आहे. म्हणून हा अख्खा भाग त्यावरच केला. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी या लेखी मजकुरात भरल्या आहेत.

आधी एक खुलासा. आपल्याकडे बँड म्हटलं की वरात आठवते, नाहीतर गणपतीतला ऑर्केस्ट्रा. मी बोलतोय ते स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या, सिनेमाच्या बाहेर राहून वाजवणाऱ्या बँडबद्दल. आणि उदाहरण घेतो मुंबईचं, कारण या प्रश्नाचे सगळे पदर एकाच बँडच्या आयुष्यात सापडतात: रॉक मशीन, म्हणजेच नंतरचा इंडस क्रीड.

१९८४ साली मुंबईत हा बँड सुरू झाला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. त्या काळी कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये बँड किती चांगला हे एका गोष्टीवर ठरायचं: परदेशी गाणं किती हुबेहूब वाजवतो. सोलो जसाच्या तसा आला की टाळ्या, स्वतःचं गाणं सुरू केलं की लोक चहाला. अशा वातावरणात या लोकांनी १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. त्यातलं 'प्रिटी चाइल्ड' खूप गाजलं. १९९३ मध्ये त्याच्या व्हिडिओला एमटीव्ही एशियाच्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. केबल नुकतीच गावोगाव पोचत होती. अमरावतीत आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या दारात पोट्टे बसलेले असायचे. इंग्रजी गाण्याखाली भारतीय नावं दिसायची याचंच आम्हाला अप्रूप.

त्याच सुमाराला बँडने नाव बदललं. त्यांच्या संगीतात भारतीय रंग यायला लागले होते आणि 'रॉक मशीन' हे नाव त्याला बसत नव्हतं. १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' नावाचाच अल्बम आला. पहिला पेच इथे पडतो. लिहिणाऱ्याला यात वाढ दिसते, कारण बँड नक्कल सोडून स्वतःचा आवाज शोधतोय. चाहत्याला मात्र वाटतं, माझा बँड गेला. दोघंही खोटं बोलत नाहीत. समीक्षक हा अल्बम त्या वर्षीच्या इतर अल्बमांच्या शेजारी ठेवतो, चाहता स्वतःच्या अकरावी-बारावीच्या शेजारी. आता अकरावी-बारावीशी कोणता अल्बम जिंकणार, बाप्पा?

त्यात बाहेरचं हवामानही फिरलं. १९९५ मध्येच अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, हिंदी पॉपची लाट उठली आणि संगीत वाहिन्या हळूहळू हिंदीकडे वळल्या. इंग्रजी रॉकला पडद्यावर जी जागा होती ती आकसली. १९९७ मध्ये बँड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. अल्बम पडला असं कोणी म्हणतं तेव्हा मी विचारतो, अल्बम पडला की तो दाखवणारी खिडकी बंद झाली? हे वेगळं काढून बघितल्याशिवाय स्वीकाराबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

आता या भागाचा मुख्य अल्बम. २०१० मध्ये बँड पुन्हा जुळला. बेनेगल, तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने. बासवर रशद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नव्या पिढीचे. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला, मागच्या अल्बमनंतर तब्बल सतरा वर्षांनी. आठच गाणी. मिक्सिंग टिम पामर यांचं, ज्यांनी पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स केला होता. मधल्या काळात मैदानच बदललेलं होतं. रोलिंग स्टोनची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये सुरू झाली होती, मुंबईत ब्लू फ्रॉगसारखी जागा उभी राहिली होती, २०१० पासून पुण्यात एनएच-७ वीकेंडर भरत होता. स्वतःची गाणी ऐकायला तिकीट काढून येणारा श्रोता पहिल्यांदाच दिसायला लागला होता.

'इव्हॉल्व्ह' जुन्यासारखा नाही. गाणी थरांची आहेत, कीबोर्ड आणि गिटार एकमेकांत विणलेले, पटकन तोंडात बसेल असा मुखडा कमी. मला स्वतःला तो तिसऱ्या ऐकण्यात आवडला. पहिल्या वेळी मी 'प्रिटी चाइल्ड' शोधत बसलो होतो आणि ते तिथे असणारच नव्हतं. 'फायरफ्लाइज' हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर त्याचा निम्मा जीव जातो.

समीक्षेचं काम कसं चालतं तेही सांगतो. अल्बम बाजारात येण्याआधी लिहिणाऱ्याकडे पोचतो. त्याच्याकडे दिवस थोडे आणि जागा चार-पाचशे शब्दांची. पण त्यात तो तीन-चार वेळा सलग ऐकतो, आणि इथेच त्याचा फायदा असतो: पहिल्या ऐकण्यातला अडखळा ओलांडून मगच तो लिहितो. त्याचा तोटा असा की आपल्याकडचं हे वर्तुळ लहान आहे. लिहिणारा, वाजवणारा, कार्यक्रम ठेवणारा एकमेकांना ओळखतात. म्हणून भारतीय इंडी समीक्षा जरा जास्तच मवाळ असते असं माझं मत आहे. चार स्टार दिसले की मी एक मनातल्या मनात कमी करतो.

चाहत्याचं उलट. तो एकदा ऐकतो, तेही मोटरसायकलवर, आणि निकाल देऊन टाकतो. पण एखादं गाणं त्याला लागलं तर दहा वर्षं सोडत नाही. समीक्षक पुढच्या आठवड्यात दुसऱ्या अल्बमकडे गेलेला असतो.

तुम्ही म्हणाल, वऱ्हाडी माणसाला नवं पचतच नाही. हे मला अजिबात मान्य नाही. सुरेश भट अमरावतीचे. भीमराव पांचाळे आपल्याच मोर्शी तालुक्यातले. गझलेच्या मैफलीत नवी, कधीही न ऐकलेली गझल सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या शेरालाच लोक दाद देतात. काहून? कारण पहिल्या शेरातच वृत्त, काफिया आणि रदीफ कानाला शिकवून झालेले असतात. पुढच्या शेरात पहिली ओळ दोनदा म्हटली जाते, तेवढ्या वेळात श्रोता काफिया शोधायला लागतो आणि तो अनपेक्षित आला की 'वाहवा' निघते. खंजिरीवरच्या भजनातही तेच, धृपद लगेच सगळ्यांच्या हातात येतं. म्हणजे गाणं नवं असलं तरी धरायला मूठ आधीच दिलेली असते. रॉकमध्ये ही मूठ म्हणजे रिफ किंवा मुखडा. 'इव्हॉल्व्ह'सारखा अल्बम ती लपवून ठेवतो. तिथे समीक्षक मूठ कुठे आहे ते दाखवू शकतो, आणि माझ्या मते त्याचं खरं काम तेवढंच. स्टार द्यायचं काम चाहत्यांवर सोडावं.

अडचण अशी की हे दाखवणारं मराठीत फार थोडं लिहिलं जातं. समीक्षा इंग्रजीत, मुंबई-दिल्लीच्या श्रोत्यासाठी. अमरावतीच्या पोट्ट्याने अल्बम पाच वेळा ऐकला तरी त्याचं मत बँडपर्यंत जात नाही. मग बँडला वाटतं, नागपूरच्या अलीकडे आपलं कोणी नाही. कार्यक्रम लागत नाहीत, आणि आपण रात्रीची अमरावती-मुंबई एक्स्प्रेस धरतो.

याचा फटका आपल्याच पोरांना बसतो. माझ्या ओळखीत अकोल्याची चार पोरं आहेत, स्वतःची सहा मराठी गाणी तयार आहेत त्यांची. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात दुसरं गाणं सुरू केलं तर समोरून आवाज आला, "जुनं वाजवा ना भाऊ!" जुनं म्हणजे सिनेमाचं. आयोजकांनी नंतर मानधनही कापलं. पोरांनी मला विचारलं, कव्हर वाजवायचे की आपलं?

मी त्यांना दोन्ही सांगितलं, पण क्रम बदलायला लावला. आपलं गाणं पहिलं नको, तेव्हा लोक बसत असतात. दुसरंही नको. दोन ओळखीची गाणी झाली की तिसरं आपलं, तेही ज्याचा मुखडा सगळ्यात सोपा ते. सुरू करण्याआधी मुखड्याची चाल नुसत्या गिटारवर दोनदा वाजवून दाखवायची, मैफलीत मतला दोनदा म्हणतात तशी. आणि शेवटी तेच गाणं पुन्हा. एकाच कार्यक्रमात दोनदा वाजवायला ड्रमवाला लाजत होता, म्हणे लोक हसतील.

पुढचा कार्यक्रम दिवाळीनंतर आहे. तिसऱ्या नंबरवर कोणतं गाणं ठेवायचं यावरून सध्या त्या चौघांत जोरदार भांडण चालू आहे. दोन गाण्यांचं साधं रेकॉर्डिंग त्यांनी मला पाठवलंय, ते त्यांच्या परवानगीने पुढच्या भागाच्या सुरुवातीला लावतो. तीनदा ऐका आणि मग व्हॉइस नोट पाठवा. शिव्या असल्या तरी चालतील, फक्त कोणत्या मिनिटाला कंटाळा आला तेवढं नक्की सांगा.