एका पातेल्याभोवती

हैदराबाद म्हटले की बिर्याणी व हालीम ही नावे प्रथम जिभेवर येतात, आणि ते योग्यच आहे. तेथील हालीमला २०१० साली भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु या शहरात आता दूरदेशीची अन्नेही मिळतात. त्यांपैकी चीन देशातील ‘हॉट पॉट’ नामक तिखट भोजनाचा योग आम्हांस मध्यंतरी आला. आमच्या धर्मग्रामातील तिघे तरुण नोकरीनिमित्त तेथे असतात. त्यांचाच हा आग्रह.

मेजाच्या मध्यभागी शेगडी, तीवर उकळत्या रश्शाचे पातेले, आणि भोवती मांसाचे कागदासारखे पातळ काप, कोळंबी, अळंबी, कोबी, शेवया. सारे कच्चे. ज्याला जे हवे ते त्याने रश्शात सोडावे, शिजले की काढावे. कच्च्या मांसाचा चिमटा निराळा व खाण्याच्या काड्या निराळ्या, ही शिस्त मात्र पाळावीच. पातेल्यास मधोमध पडदा होता. एकीकडे सौम्य रस्सा, दुसरीकडे लालभडक. अशा जोडपातेल्यास चिनी लोक नर-मादी बदकांच्या जोडीचे नाव देतात.

हे तिखट अन्न चोंगचिंग शहरचे. यांगत्से नदीकाठचे नावाडी व हमाल कसायाकडील स्वस्त आतडी-कोथळा मिरचीच्या रश्शात शिजवून खात. एका पातेल्यात नऊ खण पाडून अनोळखी माणसेही त्याभोवती जेवत, असे सांगतात. पंक्तीत कोण कोणाशेजारी बसतो याची चिकित्सा करणाऱ्या आपल्या देशास ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

मिरची मात्र चीनची नव्हे, आपलीही नव्हे. ती अमेरिकेची. पोर्तुगीजांनी ती गोव्यास आणली; चीनमध्ये १५९१ सालच्या एका ग्रंथात तिचे वर्णन शोभेचे झाड म्हणून आढळते. येशूसंघीय फादर मात्तेओ रिची १५७८ साली गोव्यास उतरले व १५८३ साली चीनमध्ये स्थायिक झाले, तोच हा काळ.

पहिल्या घासास जिभेला मुंग्या आल्या. मिरचीची आग ती निराळी, ही बधिर करणारी थरथर निराळी. एक तरुण म्हणाला, “फादर, बांगड्याच्या कालवणाची आठवण झाली.” त्याने बरोबर ओळखले. सिचुआन प्रांताचा तो मसाला म्हणजे आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडील तिरफळाचे सख्खे भावंड. दोन्ही झाडे एकाच प्रजातिसमूहातील, लिंबाच्या कुळातील. २०१३ साली लंडनमधील संशोधकांस असे आढळले की, या मसाल्याने ओठांवर जाणवणारी थरथर सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतकी असते. आपल्या आयाबायांना हे मोजमाप ठाऊक नसले तरी बी टाकून सालच वापरावी, हे पक्के ठाऊक आहे.

जाता जाता सांगतो: तोंड पोळले असता पाणी पिऊ नये. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्यावे.

हे तिघे एकाच शहरात असूनही कामाच्या वेळा जुळत नसल्यामुळे नाताळापासून एकत्र जेवले नव्हते. धाकटा तर दाराशी येणारा डबा खोलीत एकटाच खाई. गेल्या पावसाळ्यात त्याचे वडील प्रभूघरी गेले. दफनाच्या दिवशीही तो रडला नाही, ही त्याच्या आईची चिंता आम्ही जाणून होतो. या भोजनात घाई करता येत नाही. घास शिजेपर्यंत थांबावे लागते, आणि थांबलेली माणसे बोलू लागतात. हळूहळू तो वडिलांविषयी बोलू लागला. होडीविषयी, जाळ्याविषयी, त्यांच्या शिट्टीविषयी. मिरचीमुळे सर्वांच्याच डोळ्यांस पाणी आले होते. त्याचे कोणास निराळे दिसले नाही. मधला तरुण न बोलता त्याच्या वाटीत कोळंबी वाढीत राहिला.

बिल चुकते करून निघालो तेव्हा अकरा वाजले होते. तिघांनी महिन्याचा दुसरा रविवार मिस्सानंतर एकत्र जेवण्यासाठी ठरवून टाकला. गावी परतल्यावर आम्ही त्या माउलीस सर्व सांगितले. तिने काही न बोलता उन्हात वाळवलेली तिरफळे पुडीत बांधली, आणि ती हैदराबादेस पाठविण्यासाठी आमच्या हाती दिली.