सहा तासांत पालटणारं आयुष्य?

सायकेडेलिक द्रव्यांचं नाव निघालं की दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, ही निव्वळ नशा, यात औषध कसलं? दुसरं म्हणतं, एकदा घ्या आणि वर्षानुवर्षांच्या नैराश्यातून मोकळे व्हा. नैराश्याने पिचलेल्या माणसाला या दोन्ही मतांची किंमत मोजावी लागते, म्हणून प्रयोगांत नेमकं काय दिसलं ते पाहायला हवं.

'मॅजिक मशरूम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अळंब्यांमधलं सायलोसायबिन हे द्रव्य आल्बर्ट हॉफमन यांनी 1958 मध्ये वेगळं काढलं. त्याला निव्वळ नशा म्हणणं टिकत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने कर्करोगामुळे नैराश्य आणि चिंतेने ग्रासलेल्या 51 रुग्णांवर केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतरही त्यातल्या सुमारे 80 टक्के रुग्णांचा त्रास लक्षणीयरीत्या कमी झालेला होता. त्याआधी, 2014 मध्ये, तिथल्याच एका छोट्या प्रयोगात सिगारेट सोडू पाहणाऱ्या 15 जणांपैकी 12 जण सहा महिन्यांनी सिगारेटपासून दूर होते. द्रव्याचा अंमल काही तासांत उतरला, पण बदल महिनोन्‌महिने टिकला.

मग 'एकच डोस, कायमचा गुण' हे खरं का? नाही.

2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नेहमीच्या औषधांनी गुण न आलेले नैराश्याचे 233 रुग्ण होते. कोणाला 25 मिलिग्रॅम सायलोसायबिन मिळालं, कोणाला 10, तर कोणाला तुलनेसाठी केवळ 1. तीन आठवड्यांनी सर्वांत मोठी मात्रा घेतलेल्यांपैकी 29 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. इतकी औषधं करून थकलेल्यांसाठी हे थोडं नाही. पण बाराव्या आठवड्यापर्यंत सुधारणा टिकून राहिली ती या गटातल्या 20 टक्के रुग्णांमध्येच. पाचांतल्या चौघांना टिकाऊ गुण आला नाही, ही गोष्ट उत्साहाने बोलणारे सहसा सांगत नाहीत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये 59 रुग्णांवर सायलोसायबिन आणि एस्सिटालोप्रॅम या प्रचलित गोळीची तुलना झाली. चाचणीआधी ठरवलेल्या मुख्य मोजपट्टीवर दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय मोठी मात्रा घेतलेल्या माणसाला आपल्याला काय मिळालं ते बहुतेक वेळा कळतंच. त्यामुळे गुण औषधाचा किती आणि आशेचा किती, हे वेगळं काढणं फार कठीण जातं.

आणखी एक गोष्ट सायलोसायबिनच्या कौतुकात हरवते. या प्रयोगांत आधी बैठका होतात, ओळख आणि विश्वास वाढतो. प्रत्यक्ष दिवशी माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून संगीत ऐकत पडून असतो आणि प्रशिक्षित माणसं तासन्‌तास त्याच्याजवळ बसतात. नंतर अनुभवाबद्दल पुन्हा बोलणं होतं. मेक्सिकोतल्या वाउत्ला दे हिमेनेस गावातल्या मारिया साबिना या माझातेक उपचारकर्तीकडेही अळंबी रात्रभराच्या विधीतच दिली जायची, तीही आजाऱ्यासाठी. गॉर्डन वॉसन यांचा लेख 1957 मध्ये 'लाइफ' मासिकात आला आणि परदेशी हौशींची रीघ लागली. गावाचा रोष साबिना यांनी सोसला, त्यांचं घरही जाळलं गेलं. त्या रात्रीतलं द्रव्य जगाने उचललं आणि जागरण, सोबत, आजाऱ्याची काळजी मागे सोडली. 'एकच डोस'वाली समजूत त्याच चुकीतून आलेली दिसते.

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हेही चूकच. जॉन्स हॉपकिन्सच्या 2006 च्या अभ्यासात निरोगी आणि पूर्वतयारी केलेल्या 36 स्वयंसेवकांपैकी 11 जणांना तीव्र भीतीने घेरलं होतं. 2022 च्या चाचणीत काही रुग्णांच्या मनात आत्महत्येचे विचार आले. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्यांना अशा चाचण्यांत सहसा घेतलंच जात नाही. घरात यांपैकी एखादा आजार असलेल्या माणसाने एखाद्या पार्टीत अळंबी किंवा एलएसडी घेणं फार धोक्याचं आहे.

ऑस्ट्रेलियात जुलै 2023 पासून परवानगी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देऊ शकतात. भारतात मात्र 1985 च्या एनडीपीएस कायद्यानुसार सायलोसायबिन आणि एलएसडी जवळ बाळगणं गुन्हा आहे. नैराश्याशी झुंजत असाल तर चालू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.