हृदयाची झडप आणि छाती न उघडता तिची दुरुस्ती

विहिरीवरच्या मोटारीला फूटव्हॉल्व्ह कशासाठी लावतात, हे आपल्याकडील संत्र्याच्या बगीचेवाल्यांस सांगावयास नको. पाणी वर चढू द्यावे, पण परत विहिरीत उतरू देऊ नये, एवढेच त्याचे काम. तो अडकला की पाणी कमी येते. गळू लागला की मोटार फिरूनही पन्हळ कोरडीच. मनुष्याच्या हृदयात अशाच चार झडपा आहेत. त्या दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा उघडतात व मिटतात. ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे; कारण झडपेचा रोग पुष्कळदा घरच्यांच्या डोळ्यांसमोर असूनही ओळखला जात नाही.

फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येते. तेथून ते ‘मायट्रल’ नावाच्या दोन पाकळ्यांच्या झडपेतून खालच्या कप्प्यात उतरते, आणि हृदय आवळले की तीन पाकळ्यांच्या ‘एओर्टिक’ झडपेतून महारोहिणीत जाऊन सर्व शरीराला मिळते. या दोन दारांतून रक्त योग्य दिशेने गेले तरच शरीराचा व्यवहार चालतो.

मायट्रल झडपेचा रोग बहुधा गरिबाघरी आणि बालपणी सुरू होतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा विशिष्ट जंतूंमुळे दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि गुडघे, घोटे, कोपरे एकामागून एक सुजतात. यास डॉक्टर ‘ऱ्हुमॅटिक फीव्हर’ म्हणतात. सांधे बरे होतात, पण झडपेवर व्रण राहतो. पुढे पाकळ्यांच्या कडा एकमेकींस चिकटतात. निरोगी झडपेचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ते दीडपर्यंत किंवा त्याहूनही खाली आले की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते व दम लागू लागतो. गरोदरपणी अंगातील रक्त जवळजवळ दीडपट होते, म्हणून पुष्कळ सुनांचा हा रोग प्रथम बाळंतपणाच्या सुमारास डोके वर काढतो. घरची मंडळी ‘अशक्तपणा आहे’ म्हणतात, आणि मोलाचा वेळ जातो.

या चिकटलेल्या पाकळ्या सोडवाव्यात कशा? लंडनच्या डॉ. सौटर यांनी 1925 साली हृदयात बोट घालून ते धाडस केले. 1948 नंतर ही शस्त्रक्रिया रूढ झाली, व 1950 च्या दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन हृदयाच्या अशा शस्त्रक्रिया करीत होते. परंतु त्यासाठी छाती उघडावी लागे. दुसरा मार्ग 1929 सालीच दिसला होता. जर्मनीच्या डॉ. फोर्समन यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत सारली. या कामासाठी 1956 साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

या नळीच्या वाटेवर जपानच्या डॉ. इनोऊए यांनी एक फुगा बसविला आणि 1984 साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. जांघेची जागा बधिर करून शिरेतून नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेतात, मधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डावीकडे जातात, व मिटलेला फुगा झडपेच्या तोंडात आणतात. प्रथम त्याचे पुढचे टोक फुगते, मग मागचे. झडप मध्ये पकडली जाते. शेवटी कंबर फुगते आणि चिकटलेल्या कडा सुटतात. हे काही सेकंदांचेच काम. फुग्याचे माप रोग्याच्या उंचीवरून ठरवितात. दीडशे सेंटिमीटर उंचीला सुमारे 25 मिलिमीटर. रोगी बहुधा जागाच असतो.

म्हातारपणी एओर्टिक झडपेवर चुन्याचे थर साचून ती ताठर होते. चढावर छातीत दुखणे, दम, अचानक घेरी, ही तिची लक्षणे. ‘आता वय झाले’ म्हणून ती सोडून देऊ नयेत. फ्रान्समध्ये रुआँ येथे डॉ. क्रिबिए यांनी 2002 साली प्रथमच, धातूच्या जाळीत शिवलेली व आवळून बारीक केलेली नवी झडप नळीवाटे माणसाच्या हृदयात बसविली. जाळी उमलते व जुन्या पाकळ्या बाजूस सारते. नव्या पाकळ्या जनावराच्या ऊतीच्या असतात. आता हे काम बहुधा जांघेच्या रोहिणीतून होते. अशा झडपा आज भारतातही तयार होतात.

मात्र ही साधने प्रत्येकास चालत नाहीत. मायट्रल झडप फार गळत असेल, चुन्याने घट्ट झाली असेल, किंवा कप्प्यात रक्ताची गुठळी असेल, तर फुगा वापरीत नाहीत. फुग्याने कधी गळती वाढते, आणि काही वर्षांनी झडप पुन्हा अरुंद होऊ शकते. नव्या एओर्टिक झडपेनंतर काहींना पेसमेकर लागतो, क्वचित पक्षाघातही होतो. म्हणून हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, पाहूनच निर्णय होतो. फुगा दार उघडतो, रोगाचे मूळ काढीत नाही. ज्यांना ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पेनिसिलिनचे इंजेक्शन, बहुधा दर 21 दिवसांनी, वर्षानुवर्षे घ्यावयाचे असते. बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करणे घातक आहे.

पांढुर्णा व सौंसर येथील रोगी नागपूरची वाट धरतात, आणि ती वाट फार दूरची नाही. दूर असते ती शंका येण्यापासून तपासणीपर्यंतची वाट. खर्चाची चिंता खरी आहे. 2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. आपला उपचार तिच्यात बसतो की नाही, हे योजनेतील रुग्णालयात आधीच विचारून घ्यावे.

सभासद बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच: मुलाचा घसा दुखून पुढे सांधे सुजले, सुनेला चार पायऱ्यांत दम लागला, किंवा आजोबांना चालता चालता घेरी आली, तर घरगुती उपायांत महिने घालवू नयेत. डॉक्टरांनी एकदा छातीला नळी लावून हृदयाचा आवाज ऐकला, तरी पुष्कळदा पहिली शंका तेथेच येते. हा लेख वाचून एका घरी जरी अशी तपासणी वेळेवर झाली, तरी तो लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.