पावलाचा अस्थिभंग आणि वॉकर बूट : त्रास ओळखावा कसा व निवारावा कसा

व्यापाऱ्याचा धंदा जितका गल्ल्यावर, तितकाच त्याच्या पायांवर चालतो. सकाळी वखार, दुपारी पेढी, सायंकाळी वसुली आणि अधूनमधून बेळगाव किंवा कोल्हापूरची खेप, असा ज्याचा क्रम, त्या गृहस्थाचे पाऊल पायरी चुकून मुरगळले आणि क्ष-किरण चित्रात हाड मोडल्याचे दिसले, म्हणजे साऱ्या घराचाच व्यवहार लंगडू लागतो. पूर्वी अशा वेळी प्लॅस्टर घालून घरी बसणे हाच बहुधा मार्ग असे. आता पुष्कळदा डॉक्टर पोटरीपर्यंत येणारा, बाहेरून कडक प्लॅस्टिकचा व आतून स्पंजाचे अस्तर असलेला बूट देतात. त्यास ‘वॉकर बूट’ म्हणतात. हा बूट मोठा उपकारक खरा. परंतु प्रारंभी तो त्रासही देतो, आणि त्या त्रासास कंटाळून कित्येकजण तो मध्येच काढून ठेवतात. म्हणून या विषयी चार उपयुक्त गोष्टी आमच्या व्यापारी बंधूंपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम बुटाचे कार्य समजून घेतले पाहिजे. आपल्या एका पावलात 26 हाडे असतात आणि चालताना प्रत्येक पावलागणिक त्यांचे सांधे वाकतात. मोडलेल्या हाडाच्या दोन टोकांमध्ये आरंभी मऊ सांधा धरतो व तो पुढे हळूहळू कठीण होतो. हा सांधा कोवळा असताना वारंवार हलला, तर हाड जुळण्यास विलंब लागतो. क्वचित ते जुळतही नाही. बुटाचे कडक कवच घोटा व पाऊल वाकू देत नाही, आणि त्याचा तळ होडीच्या बुडासारखा गोलाकार असल्यामुळे पाऊल न वाकताही शरीर पुढे सरकते. डच लष्करी शल्यवैद्य मॅथायसेन यांनी 1852 साली प्लॅस्टरच्या पट्ट्यांची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिचाही मूळ हेतू मोडलेले हाड स्थिर ठेवण्याचाच होता.

करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाचा अस्थिभंग तर फसवा असतो. लिव्हरपूलचे प्रख्यात शल्यवैद्य रॉबर्ट जोन्स यांचे स्वतःचे हे हाड नृत्य करीत असता मोडले, आणि 1902 साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. पायावर काही आदळले नसता केवळ पाऊल वळल्याने हाड मोडू शकते, हे त्यांनी त्यात दाखविले. या हाडाच्या एका भागास रक्तपुरवठा कमी असल्याने तेथील भंग जुळण्यास अधिक काळ लागतो. पावलाचे साधे अस्थिभंग बहुधा 6 ते 8 आठवड्यांत जुळतात; तथापि आपली मुदत आपल्या डॉक्टरांनीच ठरवावी.

बूट काढता येतो, ही त्याची सोय आहे आणि धोकाही तोच आहे. प्लॅस्टर टोचले तरी माणूस ते सोसतो, कारण त्याचा इलाज चालत नाही. बुटाचे बंद मात्र हातानेच सुटतात. यास्तव आमचे मुख्य सांगणे इतकेच, की बुटाने त्रास झाला तर तो काढून फेकू नये, आणि मुकाट्याने सोसूही नये. त्रासाचे कारण शोधावे. बहुतेक कारणे साधी असतात व घरच्या घरी दूर करता येतात.

सर्वांत सामान्य कारण म्हणजे बूट नीट न बसणे. खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात ठेवावा, टाच अगदी मागे व खाली टेकली आहे अशी खात्री करावी, आणि मगच बोटांकडून वर पोटरीकडे एकेक पट्टी लावीत जावे. पट्टी इतकी घट्ट असावी, की टाच आत उचलली जाऊ नये. आणि इतकी सैल, की बोटे मोकळेपणी हलावीत. टाच उचलली गेली, की कातडी घासून फोड येतो. पुष्कळांना वाटते, की बूट घट्ट झाल्याने फोड आला, आणि ते पट्ट्या आणखी सैल करतात. त्यामुळे घासणे वाढतेच.

दुसरे कारण सूज. दिवसभर पाय खाली सोडून बसल्यास सायंकाळी बूट आवळू लागतो. दिवसातून तीन-चार वेळा आडवे होऊन पाय दोन-तीन उशांवर, हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावा. पेढीवर हे शक्य नसेल, तर समोर स्टूल ठेवून त्यावर लोड घालावा व पाय त्यावर टेकावा. सूज चढली असता पट्ट्या थोड्या सैल कराव्यात व उतरल्यावर पुन्हा नीट आवळाव्यात.

तिसरे कारण घाम व ओल. बुटाच्या आत गुडघ्यापर्यंत येणारा, जाड शिवण नसलेला सुती मोजा घालावा व तो दिवसातून दोनदा बदलावा. अस्तर सुटे होत असेल, तर सौम्य साबणाने हाताने धुऊन सावलीत वाळवावे. बेळगावच्या पावसाळ्यात कापड दोन-दोन दिवस वाळत नाही. अशा वेळी अस्तराचा दुसरा जोड मिळत असल्यास अवश्य घ्यावा. नडगी, घोट्याची दोन्ही हाडे व टाच यांवरील कातडी रोज पाहावी. बूट काढल्यावर उमटलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तेथे दाब पडतो आहे असे समजावे व डॉक्टरांना दाखवावे. स्पंज आपणच कापून जागा करण्याच्या भानगडीत पडू नये.

चौथे कारण बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. बुटाचा तळ जाड असतो, आणि आपल्या भागात दुसऱ्या पायात बहुधा कोल्हापुरी चप्पल असते. तिच्या भौगोलिक मानांकनात 2019 सालापासून बेळगाव जिल्ह्याचाही समावेश आहे, इतकी ती आपली आहे. परंतु तिचा तळ सपाट व पातळ. त्यामुळे एक पाय उंच व एक पाय ठेंगणा होऊन आठवड्याभरात कंबर व खुबा दुखू लागतो, आणि दोष पावलाला दिला जातो. दुसऱ्या पायात जाड तळाचा, मागून बंद असलेला बूट घालावा, अथवा चांभाराकडून तळास थर लावून दोन्ही पायांची उंची सारखी करून घ्यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. वाड्याचे किंवा वखारीचे जिने टाळावेत. न टळले तर चढताना बरा पाय आधी व उतरताना दुखरा पाय आधी टाकावा.

आता आपल्या राहणीचा प्रश्न. गादीवर मांडी घालून बसणे हा पेढीचा रिवाज. पण मांडी घालताना व जमिनीवरून उठताना पावलास जी पिळवण पडते, तीच टाळण्यासाठी बूट दिलेला असतो. तेवढे आठवडे खुर्चीवर बसावे. सामायिकही खुर्चीवर बसून करता येईल. शौचास कमोडची खुर्ची घ्यावी व स्नान स्टुलावर बसून करावे. मंदिरात पादत्राण चालत नाही, म्हणून बूट काढून अनवाणी चालू नये. पायावर भार देण्याची परवानगी नसेल, तर बाहेरूनच दर्शन घ्यावे. स्तवनिधीची यात्रा दोन महिन्यांनी घडली तरी चालेल. घरातील स्त्रियांच्या बाबतीत तर अधिकच सांगावेसे वाटते. ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे त्यांना चुकत नाही, आणि उतारवयात त्यांची हाडे ठिसूळ झालेली असतात. स्वयंपाकाचा भार काही काळ इतरांनी उचलावा.

पर्युषण वा दशलक्षण पर्वात उपवास असेल, तर वेदनाशामक गोळ्यांविषयी डॉक्टरांस आधीच विचारावे. यांतील काही गोळ्या रिकाम्या पोटी जठरास, आणि पाणी वर्ज्य असता मूत्रपिंडासही अपाय करतात. उजव्या पायात बूट असता मोटार, आणि कोणत्याही पायात असता स्कूटर चालवू नये.

मधुमेही बंधूंनी विशेष सावध राहावे. दीर्घकालीन मधुमेहाने पावलाची संवेदना मंदावते. बुटात फोड होऊन जखम झाली तरी ती दुखत नाही. दुखत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, हा त्यांचा समज घातक ठरतो. त्यांनी सकाळ-सायंकाळ पाऊल पाहावे; तळवा दिसत नसेल, तर आरसा धरावा किंवा घरातील कोणास पाहण्यास सांगावे. गरम पाण्याचा वा बर्फाचा शेक विचारल्यावाचून घेऊ नये.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये : बोटे निळसर, थंड किंवा बधिर होणे, पाय उंच ठेवूनही वेदना वाढत जाणे, जखमेतून स्राव येणे, पोटरी दुखून, सुजून गरम लागणे. पोटरीचे दुखणे हे शिरेत रक्त गोठल्याचे चिन्ह असू शकते, आणि त्यासोबत धाप लागली वा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. निपाणीहून बेळगाव सुमारे 75 किलोमीटर व कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर. हंगामाच्या दिवसांत ही खेप नकोशी वाटते आणि ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ असे म्हटले जाते. व्यापारात उधारीची मुदत वाढविता येते. पायाच्या बाबतीत ही सवलत घेऊ नये.

अखेरीस, बूट सुटला म्हणजे पाय पूर्ववत झाला असे होत नाही. घोटा ताठरलेला व पोटरी कृश झालेली असते. डॉक्टर सांगतील त्या क्रमाने बुटाचे तास कमी करावेत, व्यायाम नियमित करावेत आणि पहिले काही आठवडे चांगल्या पकडीचे, मागून बंद असलेले पादत्राण वापरावे. तोवर भावाने किंवा मुलाने पेढी सांभाळावी, वसुली दूरध्वनीवरून करावी, आणि घरच्या कर्त्या पुरुषास निश्चिंतपणे पाय वर ठेवून बसू द्यावे.