मिथिल गट, विकरे आणि गर्भिणीचे ताट

मागील पावसाळ्यात तळेगाव ढमढेरे येथील एका औषधविक्रेत्या स्नेह्यांनी आमच्यापुढे एका कल्पाचे माहितीपत्रक ठेवले. गर्भिणीने हा कल्प घेतल्यास ‘डीएनएचे मिथिलीकरण वाढून बाळाची जनुके सुधारतात’, असा त्यात दावा होता. “गिऱ्हाईक विचारते, काय सांगू?” या त्यांच्या प्रश्नाचे नीट उत्तर त्या दिवशी आम्हास देता आले नाही. प्रस्तुत लेखात ते देण्याचा प्रयत्न आहे.

डीएनएमधील सायटोसीन या घटकावर एक कार्बन व तीन हायड्रोजन यांचा लहानसा मिथिल गट बसणे म्हणजे मिथिलीकरण. त्याने जनुकाची अक्षरे बदलत नाहीत. ते जनुक कोठे व किती वाचले जावे, यावर परिणाम होतो. हे काम करणाऱ्या विकरांना डीएनए मिथिलट्रान्सफरेज म्हणतात. मानवात डीएनएमटी-१ हे विकर डीएनएची प्रत निघाल्यावर जुन्या खुणा नव्या धाग्यावर उतरविते, तर ३ए व ३बी ही प्रामुख्याने नव्या खुणा उमटवितात.

जीवाणूंतही अशी विकरे असतात. त्यांच्यातील अमिनो आम्लांचे क्रम १९८९ मध्ये शेजारी शेजारी मांडून पाहिले असता दहा ठिकाणी साम्य आढळले. त्यांपैकी दोन ठिकाणे आपल्या उपयोगाची आहेत. पहिल्या ठिकाणी फेनिलअॅलनिन व एक जागा सोडून ग्लायसीन असते. मिथिल गट पुरविणारा एस-अॅडेनोसिल मिथिओनिन हा रेणू याच परिसरात बसतो. दुसऱ्या ठिकाणी प्रोलीन-सिस्टीन ही जोडी असते. त्यातील सिस्टीन सायटोसीनला तात्पुरते धरून ठेवते. हिमोफिलस या जीवाणूच्या विकराची रचना १९९३ मध्ये उलगडली. पुढच्याच वर्षी असे दिसले की हे विकर सायटोसीनला डीएनएच्या दुहेरी पेडातून बाहेर वळवून आपल्या पोकळीत घेते.

जीवाणूपासून मानवापर्यंत हा सांगाडा टिकून राहिला, याचा अर्थ दात्यावाचून व धरणाऱ्या हातावाचून हे कर्म होत नाही. मात्र केवळ साम्यावरून निष्कर्ष काढू नये. डीएनएमटी-२ हे विकर याच साच्याचे, पण त्याचे मुख्य कार्य आरएनएवर चालते, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले.

आता दाव्याकडे वळू. मिथिलीकरण वाढले म्हणजे हित झाले, असे नाही. कर्करोगात पेशींची वाढ आवरणारी जनुके पुष्कळदा अशाच खुणांनी बंद पडतात. याच विकरांना अडकवून ठेवणारे अॅझासिटिडीन हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये अस्थिमज्जेच्या विकारासाठी मान्य झाले. खूण कोठे बसते, यालाच महत्त्व आहे.

दात्याच्या पुरवठ्याचा प्रश्न मात्र आपल्या जिल्ह्याचाच आहे. होमोसिस्टीनपासून मिथिओनिन बनविताना फोलेटकडील मिथिल गट बी-१२ मार्फत पुढे जातो. बी-१२ अपुरे असल्यास फोलेट असूनही अडकून पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते. फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हती. ज्या मातांचे बी-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक प्रतिरोध आढळला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा संबंध आहे. कार्यकारणभावाचा निर्णय नव्हे.

येथे आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. पूर्ण शाकाहारी असलेली एक गर्भिणी पाचव्या महिन्यात तळपायांना मुंग्या येतात म्हणून आमच्याकडे आली. आम्ही वातप्रकोप मानून अभ्यंग सांगितला. तिसऱ्या खेपेस रक्ततपासणी करविली, तेव्हा बी-१२ फारच कमी निघाले. घरी दोन गाई होत्या. परंतु दूध डेअरीला जाई आणि घरात चहापुरतेच उरे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील मासानुमासिक क्रमात पहिल्या महिन्यापासून दूध सांगितले आहे. तो क्रम आम्हास पाठ होता. तिच्या ताटात काय असते, हे मात्र आम्ही विचारले नव्हते. पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तिचे उपचार झाले.

तेव्हा आमची विनंती एवढीच. गर्भिणीस दूध, दही, अंडी, मांस यांपैकी प्रत्यक्ष काय व किती पोटात जाते, हे विचारावे. पांडुता, मुंग्या वा बधिरता असल्यास बी-१२ तपासून घ्यावे; नुसत्या फोलिक आम्लाने पांडुता झाकली जाऊन नाड्यांची हानी चालू राहू शकते. तथापि लोह-फोलिक आम्लाच्या शासकीय गोळ्या कोणीही बंद करवू नयेत. आणि औषधविक्रेत्या बंधूंनी असे पत्रक आल्यास एकच प्रश्न विचारावा : कोणत्या जनुकावर, कोणत्या पेशीत, किती गर्भिणींमध्ये पाहिले? उत्तर मिळेपर्यंत ते पत्रक दुकानात लावू नये. आमच्या स्नेह्यांनी ते उतरविले आहे.