पांढऱ्या टोपीतला खलनायक
अमेरिकेच्या जुन्या वेस्टर्न चित्रपटांत काळी हॅट दिसली की खलनायक ओळखू यायचा. आमच्याकडं पांढरी टोपी घातलेले निळू फुले पुरेसे होते. १९६८च्या ‘एक गाव बारा भानगडी’त ते झेलेअण्णा झाले आणि मराठी पडद्याला बेरकी पुढारी मिळाला. आरडाओरडा नाही, खर्जातला घोगरा आवाज आणि तिरकी नजर, बास. लातूर जिल्ह्यातल्या चाकूरला आमची आजी त्यांना बघून कडाकडा बोटं मोडायची. राष्ट्र सेवा दलात घडलेला, पुण्यात माळीकाम केलेला, अंधश्रद्धेविरुद्ध झटणारा खरा माणूस तिला कधी कळलाच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

माझ्या मते ‘सामना’तला हिंदूराव धोंडे पाटील हा त्यांचा कळस. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, समोर श्रीराम लागूंचे मास्तर. साखर कारखान्यासकट सगळं गाव मुठीत. तरी नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दलच्या मास्तरांच्या प्रश्नानं हा माणूस आतून हलतो. उसाच्या पट्ट्यातल्या आम्हा लातूरकरांना तो फार ओळखीचा वाटतो. पुढं १९७९च्या ‘सिंहासन’मध्ये पटेलांनी त्यांनाच पत्रकार दिगू केलं. सत्ता जवळून बघून वेडा झालेला हा साधा माणूसही निळूभाऊंनी तेवढ्याच ताकदीनं उभा केला.